डोळे रस्त्यावर, लक्ष ग्रुपवर: शाळेच्या फाटकाजवळ नेमकं काय घडतं?

जूनचा मध्य उलटला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी रोज सकाळी तोच देखावा. स्कूटरवर एक आई. पायाशी दप्तर, मागे मुलगी, मुलीच्या हातात डब्याची पिशवी आणि आईच्या हेल्मेटमध्ये खोचलेला फोन. पलीकडून आजी विचारतायत, "पोहोचलात का गं?" तिच्या शेजारून रिक्षाकाका जातात. त्यांच्या मांडीवर मोबाइल उघडा आहे, कारण पुढच्या बिल्डिंगमधला मुलगा खाली उतरलाय की नाही ते बघायचंय. मागच्या कारमधले बाबा ऑफिसच्या मीटिंगमध्ये आहेत, म्यूटवर. तिघंही शाळेच्या फाटकापासून शंभर मीटरच्या आत आहेत. तिघंही चांगली, जबाबदार माणसं आहेत. आणि या क्षणाला तिघांपैकी एकाचंही लक्ष रस्त्यावर नाही.

शाळेजवळच्या बेफिकीर वाहनचालकांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे भरधाव डंपर येतो, नाहीतर कानात इअरफोन घातलेला कॉलेजचा पोरगा. तेही असतातच. पण सकाळी फाटकासमोर दहा मिनिटं उभं राहून बघा. तिथली बहुतेक वाहनं आपलीच असतात, पालकांची, आणि फोनवरचं बोलणंही बहुतेक वेळा शाळेचंच. डबा राहिला, पीटीचा ड्रेस आज होता की उद्या, व्हॅन कुठवर आली. मुलांच्या काळजीपोटी केलेला फोन मुलांच्याच अंगावर कसा येतो, ते समजून घ्यायला थोडं मेंदूचं काम आणि थोडं सातवीतलं गणित लागतं. दोन्ही अवघड नाहीत.

लक्ष तीन वाटांनी निसटतं

पहिली वाट हातांची. एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने सरकणारं दप्तर सावरणं. दुसरी डोळ्यांची. फोनवर कोणाचं नाव आलं ते खाली बघणं, किंवा मागच्या सीटवर भांडणाऱ्या भावंडांकडे वळून बघणं. तिसरी वाट मनाची. हात हँडलवर, डोळे समोर, पण मन दुसऱ्याच कामात. मेसेज टाइप करणारा माणूस या तिन्ही वाटांनी एकदम निघून जातो, म्हणून ते सगळ्यात वाईट.

पहिल्या दोन वाटा दिसतात. पोलिसाला दिसतात, शेजारच्या गाडीवाल्याला दिसतात, आपल्यालाही कळतात. तिसरी कोणालाच दिसत नाही. ज्याचं मन गेलेलं असतं त्याला तर नाहीच नाही. म्हणून तिच्याकडे जरा थांबून बघू.

गॅसवर दूध ठेवलंय. तुम्ही समोर उभे आहात, भांड्याकडेच बघताय. तेवढ्यात बहिणीचा फोन येतो. फोन स्पीकरवर आहे, हात मोकळे आहेत, डोळे अजूनही दुधावरच आहेत. साय वर येते, कडेला फेस धरतो, आणि तुम्हाला कळतं तेव्हा दूध शेगडीवर पसरलेलं असतं. "अहो, मी समोरच उभी होते!" हे वाक्य प्रत्येक घरात कधी ना कधी बोललं गेलंय, आणि ते खरंही असतं. डोळ्यांनी दूध पाहिलं, पण मेंदूने ती बातमी उघडलीच नाही.

मानसशास्त्रात याला अवधान-अंधत्व म्हणतात. डोळे उघडे, दृष्टी उत्तम, पण लक्ष दुसरीकडे असल्याने समोरची गोष्ट न दिसणं. यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग १९९९ साली डॅनिअल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. लोकांना एक चित्रफीत दाखवली. काही मुलं एकमेकांकडे चेंडू टाकतायत, आणि पांढऱ्या कपड्यांतल्यांनी किती वेळा चेंडू दिला ते मोजायचं. मध्येच गोरिलाचा वेश घातलेली व्यक्ती पडद्याच्या मधोमध येते, छाती बडवते आणि निघून जाते. बघणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ती दिसलीच नाही. गोरिला! रिकाम्या रस्त्यावर अचानक आलेला पहिलीतला मुलगा त्याहून कितीतरी लहान असतो.

"पण मी तर ब्लूटूथवर बोलतो"

हा सगळ्यात पहिला आणि सगळ्यात ठाम आक्षेप. हात मोकळे, डोळे समोर, मग हरकत काय?

हरकत दुधाची. युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर बरीच वर्षं काम केलंय. एका प्रयोगात त्यांनी लोकांना नकली गाडीत बसवून, हँड्सफ्री फोनवर बोलत, पडद्यावरच्या रस्त्यावरून गाडी चालवायला लावली. नजर नेमकी कुठे पडते ते टिपणारं यंत्र लावलं होतं. कडेच्या फलकांवर या लोकांची नजर पडत होती, यंत्रात तशी नोंद होती. पण नंतर विचारलं, तर ज्या फलकांकडे त्यांनी स्वतः पाहिलं होतं त्यातले बरेच त्यांना ओळखता आले नाहीत. फोन नसलेल्यांची आठवण बरीच चांगली निघाली. डोळे आपलं काम करत होते, मन फोनपलीकडच्या खोलीत होतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोबाइल वापरणाऱ्या चालकाला अपघात होण्याची शक्यता न वापरणाऱ्याच्या सुमारे चौपट असते, आणि हँड्सफ्रीने हा धोका फारसा कमी होत नाही. ब्लूटूथने दंडाचं चलन टळेल कदाचित.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला सगळ्यात जास्त खटकली. फोन ठेवला म्हणजे लक्ष लगेच परत येतं असं आपण धरून चालतो. २०१५ साली स्ट्रेयर यांच्याच गटाने गाडीतल्या आवाजी यंत्रणा तपासल्या. बोलून फोन लावायचा, बोलून गाणं बदलायचं, तशा. त्यांतल्या काही यंत्रणा वापरल्यानंतर मन पूर्णपणे रस्त्यावर यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागला. तासाला ३० किलोमीटर वेगाने २७ सेकंदांत गाडी सव्वादोनशे मीटर पुढे जाते. म्हणजे "शाळा आली, ठेवते" म्हणून फाटकाच्या दोनशे मीटर अलीकडे, मारुतीच्या देवळापाशी, फोन ठेवला, तरी मन फाटकाच्या पुढे गेल्यावर पोहोचू शकतं.

मग गाडीत शेजारच्याशी बोलायचंही नाही का? बोला. शेजारचा माणूस तोच रस्ता बघत असतो. समोर म्हैस आली की तो आपोआप गप्प बसतो, नाहीतर "अगं, बघ, बघ" म्हणून ओरडतो. फोनवरच्या माणसाला म्हैस दिसत नाही, तो बोलतच राहतो. (मागच्या सीटवर ‘तिने माझं खोडरबर घेतलं’ म्हणून रडणाऱ्या प्रवाशाला मात्र हा नियम लागू नाही. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. गाडी बाजूला घ्या एवढंच.)

दोन सेकंद म्हणजे कबड्डीचं सव्वा मैदान

आता गणित. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जागरूक माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. त्याला प्रतिसादाचा वेळ म्हणू. त्या वेळात गाडी पूर्ण वेगाने पळतच असते. नंतर ब्रेक लागून ती थांबेपर्यंत आणखी काही मीटर जातात. दोन्ही मिळून थांबण्याचं अंतर.

तासाला ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. चांगले ब्रेक आणि कोरडा रस्ता असेल तर ब्रेक दाबल्यावर गाडी सुमारे ५ मीटरमध्ये थांबते. म्हणजे एकूण १३ मीटरच्या आसपास, मोठ्यांच्या कबड्डीच्या मैदानाची लांबी. तासाला ४० ला हेच अंतर साधारण २० मीटर होतं, क्रिकेटच्या खेळपट्टीएवढं.

समजा बरोबर २० मीटरवर, उभ्या असलेल्या व्हॅनच्या आडून एक मूल रस्त्यावर येतंय. ४० ने येणारा, पण नजर आणि मन रस्त्यावर असलेला चालक मुलाच्या अगदी पुढ्यात थांबतो. काळजात धस्स होतं, दोन शिव्या निघतात, मूल घरी जातं. आता दुसरा चालक. हा शहाणा आहे, ३० नेच चाललाय. फक्त ‘टिंग’ वाजलं म्हणून दोन सेकंद खाली बघतोय. त्या दोन सेकंदांत गाडी १६.७ मीटर पुढे गेली. वर बघितल्यावर प्रतिसादाचा एक सेकंद, म्हणजे आणखी ८.३ मीटर. मूल होतं २० मीटरवर. म्हणजे या माणसाचा पाय ब्रेकवर पडण्याआधीच धडक झालेली असते, आणि तीही पूर्ण ३० च्या वेगाने.

माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. "हळूच तर चाललो होतो" हे वाक्य ब्रेक लागेल असं गृहीत धरून बोललेलं असतं. ज्याचं लक्ष नाही तो बहुतेक वेळा ब्रेक मारतच नाही. आणि ३० ची पूर्ण धडक म्हणजे काय? उंचीच्या भाषेत, साडेतीन मीटरवरून खाली पडणं. पहिल्या मजल्याची बाल्कनी. ५० ची धडक म्हणजे जवळजवळ दहा मीटर, तिसऱ्या मजल्याची. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो.

हे सगळं कोरड्या रस्त्याचं झालं. आपली शाळा सुरू होते पहिल्या पावसात, जेव्हा वर्षभर सांडलेलं ऑइल रस्त्यावर पाण्याबरोबर वर येतं. तेव्हा ब्रेक लागल्यानंतरचं अंतर आणखी वाढतं.

"मुलंच धावत सुटतात, त्याला कोण काय करणार?"

धावतात. वर्गातून सुटलेलं मूल फाटकापलीकडच्या आजोबांना बघतं, आणि मधला रस्ता त्याच्या जगातून नाहीसा होतो. तेसुद्धा अवधान-अंधत्वच आहे, फक्त त्याचा गोरिला म्हणजे आपली गाडी.

पण गोष्ट खोडकरपणाची नाही. जवळ येणारी वस्तू डोळ्यांना मोठी मोठी होत जाते, त्यावरून मेंदू तिचा वेग ठरवतो. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०११ च्या सुमारास दाखवलं, की प्राथमिक शाळेच्या वयात ही क्षमता पुरेशी पिकलेली नसते. तासाला साधारण ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येणारी गाडी मुलांना नीट जोखता येत नाही. कधी कधी ती येतेय हेच कळत नाही. म्हणजे मूल उजवीकडे बघतं, डावीकडे बघतं, शिकवलेलं सगळं करतं, आणि तरी चुकतं. "नीट बघून रस्ता ओलांड" हे सांगावंच, पण दात येण्याआधी मुलाला ऊस सोलायला सांगण्यासारखं ते आहे.

त्यात उंची. पहिलीतलं मूल जेमतेम सव्वा मीटरच्या आतबाहेर. हल्लीच्या उंच गाड्यांचं बॉनेट त्याच्या गळ्याशी येतं. दोन पार्क केलेल्या गाड्यांमधून ते बाहेर येतं तेव्हा चालकाला आधी दिसते ती दप्तराची वरची बाजू, तीही दिसली तर.

या दोघांपैकी ज्याला वेग जोखता येतो, ज्याच्याकडे परवाना आहे आणि ज्याच्या हाताखाली हजार किलोचं लोखंड आहे, तो मोठा माणूस आहे. चूक कोणाची हा वाद त्यानंतरचा.

"तिथे तर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात"

खरंय, नऊला पाच कमी असताना आमच्या फाटकासमोर सायकलसुद्धा सरकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. मुलांच्या झोपेसाठी ते योग्यच आहे. पण नऊ ही ऑफिसचीही वेळ. जिथे हे बदललं तिथे शाळेची गर्दी आणि कामावरची गर्दी एकमेकांच्या अंगावर आली.

अशा कोंडीत माणूस हमखास फोन काढतो, कारण "गाडी उभीच तर आहे". पुढची गाडी चार हात सरकते, मागचा हॉर्न देतो, आणि आपण स्क्रीनवरून मान वर करता करता क्लच सोडतो. त्या चार हातांच्या फटीतून मुलं जात असतात. पालक मूल सोडून रिव्हर्स घेतात, एका कानाला फोन लावून, मान एकाच बाजूला वळवून. दुचाक्या फुटपाथवरून वाट काढतात. वेग कमी असतो हे मान्य, पण कोंडी संपायचाही एक क्षण असतो. घंटा झाल्यानंतरची पाच मिनिटं. रस्ता मोकळा होतो, उशीर झालेले पालक गाडी दामटतात, उशीर झालेली मुलं धावतात, आणि दोघांच्याही डोक्यात एकच विषय असतो.

"आकडेवारीत मोबाइल कुठे दिसतो?"

हा आक्षेप अभ्यासू माणसं घेतात, आणि तो रास्त आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत अठरा वर्षांखालची मुलं ९,५२८. दिवसाला सव्वीस, म्हणजे एका छोट्या वर्गाएवढी. कारणांच्या रकान्यात सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत. मोबाइलचा वाटा अगदी बारीक.

पण हा रकाना भरतं कोण आणि कसा? घटनास्थळी पोलिस येतात तेव्हा फोन खिशात गेलेला असतो. कोणताही चालक "मी मेसेज वाचत होतो" असं जबाबात लिहून देत नाही. रक्तात दारू सापडते, रस्त्यावर टायरच्या खुणा सापडतात. मनातलं बोलणं सापडत नाही. जे पकडता येत नाही ते नोंदलं जात नाही, आणि मग नोंद नाही म्हणून ते नाहीच असं आपण समजतो.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, हातात फोन धरून गाडी चालवणं हे धोकादायक वाहनचालनात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि तीन वर्षांत पुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. फोन फक्त रस्ता शोधण्यासाठी, तोही लक्ष विचलित न होता, वापरायची मुभा आहे. ब्लूटूथबद्दल कायदा जवळजवळ गप्प आहे, आणि दुधाचं उदाहरण ज्याला पटलं त्याला कळेल की कायदा कुठे अपुरा पडतो.

जाता जाता, आठवी-नववीतल्या मुलाला क्लाससाठी स्कूटर देणाऱ्यांसाठी कलम १९९अ. शिक्षा फक्त मुलाला नाही, पालकाला किंवा गाडीच्या मालकालाही. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही.

मग करायचं काय?

माणसाचं लक्ष भाषणांनी सुधारत नाही, माझं तर अजिबात नाही. त्यापेक्षा रस्ता असा करावा, की लक्ष गेलं तरी जीव जाऊ नये. गतिरोधकाचंच बघा. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकात तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, सौम्य गोलाईचा सांगितलाय. तासाला २५ च्या वेगाने त्यावरून आरामात जाता येतं, त्याहून जोरात गेलं तर दणका बसतो. आपल्याकडे डांबराचा जो सुळका रातोरात उगवतो तो यातला नव्हे. त्याने कंबर मोडते, आणि चालवणाऱ्याचं लक्ष मुलांवरून त्या सुळक्यावर जातं.

मुंबईत भायखळ्याला ख्राइस्ट चर्च शाळेसमोर महापालिका आणि डब्ल्यूआरआय इंडिया या संस्थेने रंग आणि अडथळे लावून मुलांच्या चालण्याची आणि थांबण्याची जागा रस्त्यापासून वेगळी काढून पाहिली. लंडनमध्ये शेकडो शाळांसमोरचा रस्ता भरण्या-सुटण्याच्या वेळी गाड्यांना चक्क बंद असतो. आपल्याकडे लगेच "मग आम्ही मुलांना सोडायचं कुठे?" असा प्रश्न येतो. उत्तर आहे, दोनशे मीटर अलीकडे. तेवढं मूल चालतं. आपल्यालाच चालवत नाही.

यासाठी मंत्रालयापर्यंत जावं लागतंच असं नाही. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो, पोलिस आणि आरटीओची माणसं असतात. तुमच्या शाळेच्या समितीत पालक कोण आहे, हे एकदा विचारून बघा. आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हतं. ज्यांचं नाव होतं त्यांनाही.

आम्ही काही पालकांनी सुरुवात आणखी सोपी केली. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सकाळी साडेआठ ते सव्वानऊ ‘फक्त अ‍ॅडमिन’वर टाकायचा, म्हणजे त्या वेळात कोणी काही लिहूच शकणार नाही. आजीलाही सांगून ठेवलं, की पोहोचल्याचा फोन गाडी लावल्यावर येईल, आधी नाही. पहिल्याच दिवशी अ‍ॅडमिनबाईंना सात पालकांनी वेगळा मेसेज करून विचारलं, "ग्रुप बंद पडलाय का?" सातही मेसेज आठ पन्नास ते नऊच्या मधले होते.